सुरी लागण्याआधीचं इंजेक्शन : आतड्याच्या ऑपरेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. आता इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. म्हणजे ऑपरेशन झालेल्यांच्या जखमा बघायच्या, कुणाला पू झाला की फाईल उघडून तो का झाला ते शोधायचं, आणि महिन्याभराने घरी फोन करून चौकशी करायची. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नातेवाईक जे प्रश्न विचारतात ते वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. विषय मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या, तारीख ठरवून केलेल्या ऑपरेशनचा, आणि त्याआधी देतात त्या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचा आहे. औषध कोणतं आणि किती हे तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतात. इथले आकडे समजून घेण्यासाठी आहेत, केमिस्टला दाखवण्यासाठी नाहीत.

जखम अजून झालीच नाही. मग अँटिबायोटिक आधीच कशाला?

प्रश्न तर्काला धरून आहे. पण जंतू जखमेत शिरतात ते ऑपरेशन चालू असतानाच. त्वचा उघडली, आतडं कापलं, पुन्हा जोडलं, या दोन-तीन तासांत जे सांडायचं ते सांडतं. त्या वेळी आजूबाजूच्या मांसात आणि चरबीत औषध आधीच मुरलेलं असेल तर आलेले जंतू तिथल्या तिथे मरतात. नंतर दिलं तर जखमेच्या कडांना रक्त गोठलेलं असतं, बारीक रक्तवाहिन्या बंद झालेल्या असतात, आणि जंतू त्या गोठलेल्या जाळ्यात बसून वाढायला लागलेले असतात. मग सलाईनमधून कितीही औषध सोडा, ते तिथवर धड पोचत नाही. लोणच्याला मीठ आधी लावायचं असतं. बुरशी आल्यावर वरून मूठभर टाकून काय उपयोग?

जॉन बर्क नावाच्या अमेरिकी सर्जनने १९६१ साली हे गिनीपिगवर दाखवून दिलं. कातडीत जंतू टोचले आणि अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी दिलं. कधी आधी, कधी बरोबर, कधी नंतर. आधी दिलं तिथे गळू जवळजवळ उठलंच नाही. जसा उशीर होत गेला तसं गळू मोठं होत गेलं, आणि तीन तासांनंतर दिलेलं औषध दिलं काय न दिलं काय, सारखंच ठरलं. आजही ओटीतली सगळी धावपळ या तीन तासांभोवतीच चालते.

हर्नियाच्या ऑपरेशनला एवढी तयारी नव्हती. आतड्यालाच का?

कारण आतड्यात काय भरलेलं आहे ते बघा. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या आसपास जंतू असतात. जठरात आम्लामुळे फार कमी, लहान आतड्यात खाली जाल तसे वाढत जातात, आणि मोठ्या आतड्यात अक्षरशः दिवेघाटातली वारी. ई. कोलाय तिथे असतोच, पण त्याहून कितीतरी जास्त संख्येने प्राणवायूविना जगणारे बॅक्टेरॉइडिस जातीचे जंतू असतात. आतड्याच्या आत ते आपल्या कामाचेच असतात. बाहेर, पोटाच्या चरबीत आले की पू करतात.

अँटिबायोटिक न देता हे ऑपरेशन केलं तर काय होतं, हेही माहीत आहे. जुन्या काळी अशा तुलना झाल्या. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात २६० चाचण्या आणि ४३,४५१ रुग्णांची माहिती एकत्र केली आहे. त्यातून निघालेलं चित्र असं, की अँटिबायोटिक नसेल तर शंभरातल्या सुमारे ३९ जणांची जखम पिकते, आणि असेल तर सुमारे १३ जणांची. म्हणून आज कुठलाही डॉक्टर "देऊन बघू, न देऊन बघू" असा प्रयोग करत नाही. आणि हेही त्याच आकड्यात दिसतं, की इंजेक्शन दिलं म्हणजे धोका शून्य झाला, असं नाही.

नेमकं किती वाजता द्यायचं?

छेद घेण्याआधीच्या एका तासात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं दोन तासांपर्यंतची मुभा देतात, कारण काही औषधं शरीरात जास्त वेळ टिकतात आणि काही हळूहळूच सोडावी लागतात. पण सेफाझोलिनसारखं नेहमीचं औषध असेल तर एक तास हाच हिशोब धरायचा.

अमेरिकेत १९९२ साली २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांची जखम पिकली होती. त्याहून आधी, म्हणजे दोन ते चोवीस तास आधी मिळालेल्यांमध्ये ३.८ टक्के. छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांमध्ये ३.३ टक्के. (यात सगळ्या तऱ्हेची ऑपरेशनं होती, त्यामुळे आकडे लहान आहेत.) लवकर देणं हे उशिरा देण्याइतकंच वाईट ठरलं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला, एका रुग्णालयात, सकाळी आठची केस म्हणून मी वॉर्डातच साडेसातला इंजेक्शन दिलं. फाईलवर सही केली, रुग्णाला ट्रॉलीवर घेऊन मामा निघाले. आधीची केस लांबली. ट्रॉली ओटीबाहेरच्या पॅसेजमध्ये उभी. नऊ, दहा, अकरा. काकू कुडकुडत होत्या म्हणून मावशींनी दुसरं ब्लँकेट आणून टाकलं. छेद घेतला तेव्हा घड्याळात पावणेबारा. सेफाझोलिन रक्तातून दर पावणेदोन-दोन तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे सव्वाचार तासांनी जेमतेम पाव उरलेलं. "अँटिबायोटिक दिलं का?" असं सर्जनने विचारलं, मी "हो सर" म्हणाले, आणि ते खरंही होतं. सहाव्या दिवशी काकूंच्या बेंबीखालच्या दोन टाक्यांमधून पू आला. तो त्या उशिरामुळेच आला असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. पण तेव्हापासून "दिलं का" असं मी विचारत नाही, "किती वाजता दिलं" असं विचारते.

आता बहुतेक ठिकाणी हे इंजेक्शन वॉर्डात देत नाहीत, भूल देताना ओटीतच देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जरी चेकलिस्टमध्येही छेदाआधी सगळे थांबून मोठ्याने विचारतात, की गेल्या साठ मिनिटांत अँटिबायोटिक गेलंय का.

औषध कोणतं देतात?

दोन तऱ्हेचे जंतू, म्हणून बहुधा दोन औषधं. ई. कोलाय आणि त्वचेवरच्या जंतूंसाठी सेफाझोलिन, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम आणि वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. बॅक्टेरॉइडिसवर सेफाझोलिन चालत नाही, म्हणून सोबत मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम. ओटीत त्याला नुसतं "मेट्रो" म्हणतात. "मेट्रो लावली का?" हे ऐकून एका आजोबांनी भुलीच्या टेबलावरून विचारलं होतं, "वनाजवरून रामवाडीला जाते तीच का?"

गंमत सोडा, पण या मेट्रोलाही वेळ लागतो. सेफाझोलिन सिरिंजने तीन-चार मिनिटांत जातं. मेट्रो मात्र शंभर मिलीची बाटली, ती थेंबाथेंबाने जायला अर्धा तास तरी हवा. बाटली उशिरा टांगली, की सर्जनच्या हातात सुरी आणि बाटली अजून निम्मी भरलेली, असं दृश्य दिसतं. म्हणून ती आधी लावायची.

काही रुग्णालयांत सेफुरॉक्झिम, जेंटामायसिन किंवा दुसरं काही असेल. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देतात याचा तक्ता असतो, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. निवड त्यावरही ठरते. शेजारच्या रुग्णालयात वेगळं दिलं म्हणून तुमच्याकडे चूक झाली, असं होत नाही.

एकच डोस? ऑपरेशन एवढं मोठं आणि नंतर पाच दिवसांचा कोर्स नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग मला कळतो. लाखाच्या घरात बिल, आणि डिस्चार्ज पेपरवर एकही अँटिबायोटिक नाही म्हणजे काहीतरी राहिलंय असं वाटतं. एका काकांनी तर लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या केमिस्टला फोन लावून, माझ्यासमोरच, "जरा चांगल्यातलं पाठव" म्हणून सांगितलं होतं.

पण वरचा बर्कचा प्रयोग आठवा. जे काम व्हायचं ते छेद उघडा असताना होतं. टाके घातल्यावर जखमेत नव्याने जंतू शिरायला फारशी वाट राहत नाही आणि आत शिरलेले मेलेले असतात. आतड्याच्या ऑपरेशनांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा १९९८ साली आला, त्यात एकाच डोसाने आणि अनेक डोसांनी सारखाच फायदा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे, की ऑपरेशन संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये. पोटात ड्रेनची नळी आहे म्हणूनसुद्धा नाही. काही सर्जन पहिल्या चोवीस तासांपर्यंत देतात. त्यापुढे नेण्याला आधार नाही.

मग एकापेक्षा जास्त डोस कधी लागतात? ऑपरेशन चालू असतानाच. सेफाझोलिनचा दुसरा डोस चार तासांनी द्यावा लागतो आणि रक्तस्राव दीड लिटरच्या पुढे गेला तर त्याही आधी, कारण रक्ताबरोबर औषधही वाहून जातं. मेट्रो जास्त वेळ टिकते, तिचा दुसरा डोस सहसा लागत नाही.

"जास्त दिलं तर बिघडतं काय?" बिघडतं. पोटातले चांगले जंतू मरतात, जुलाब लागतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू मोकळ्या जागेत वाढून आतड्याला सूज आणू शकतो. आणि जे जंतू उरतात ते औषधाला पुरून उरणारे असतात. आपल्या देशात ई. कोलायमध्ये औषधांना दाद न देणाऱ्यांचं प्रमाण किती वाढलंय, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) वार्षिक अहवालांत दरवर्षी दिसतं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी १९५४ साली उभी राहिली, तेव्हा पेनिसिलीन देशात तयार होणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. ज्या गावाने ते दिवस बघितले तिथेच आता पाकिटावरच्या लाल रेघेकडे (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका या खुणेकडे) दुर्लक्ष करून लोक "दोन गोळ्या सुट्या द्या" म्हणतात, याचं मला वाईट वाटतं.

माझं स्पष्ट मत सांगू? कोर्स लिहिण्यामागे पुष्कळदा शास्त्र नसतं, भीती असते. नातेवाईकांची आणि डॉक्टरांचीही.

आदल्या दिवशी दोन लिटर पाणी पिऊन पोट साफ करायला लावलं. तेवढ्याने जंतू जात नाहीत का?

मळ जातो, आतड्याच्या भिंतीला चिकटलेले जंतू राहतात. नुसतं पोट साफ केल्याने जखम पिकणं कमी होत नाही, हे अनेक चाचण्यांनंतर कळलं. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही रुग्णांना पावडरचं पाणी पाजून रात्रभर संडासाच्या वाऱ्या करायला लावल्या आणि त्याला तयारी म्हटलं.

पोट साफ करण्यासोबत तोंडाने अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या तर मात्र फरक पडतो. ही पद्धत जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिन आदल्या दिवशी दुपारी एक, दोन आणि रात्री अकरा वाजता द्यायची रीत पडली. मधे ती मागे पडली होती, आता पुन्हा आली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, की पोट साफ करायचं असेल तर सोबत गोळ्या द्या, नुसतं साफ करू नका.

यात एक गाठ अजून सुटलेली नाही. गोळ्यांचा फायदा पोट साफ न करताही होतो का? स्पेनमध्ये २०२० साली पोट साफ न करता, आदल्या दिवशी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल तोंडाने दिलं, तेव्हा जखम पिकण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ५ वर आलं. फ्रान्समध्ये २०२२ साली ओर्निडॅझोलचा १ ग्रॅमचा एकच डोस आदल्या रात्री दिला, तेव्हा २२ वरून १३ वर. हो, तेच ओर्निडॅझोल, जे आपल्याकडे जुलाब झाले की शेजारी सुचवतात. पण फिनलंडमधल्या २०१९ च्या चाचणीत पोट साफ करणं अधिक गोळ्या, हे दोन्ही केल्यानेही काही फरक दिसला नव्हता. त्यामुळे एक सर्जन गोळ्या देतील, दुसरे देणार नाहीत. मला विचाराल तर गोळ्यांकडे पारडं झुकलेलं आहे. शिरेतलं इंजेक्शन मात्र दोन्हीकडे लागतंच, गोळ्या त्याची जागा घेत नाहीत.

गोळ्यांनी मळमळतं. उलटी झाली तर गोळी कधी घेतली आणि उलटी कधी झाली ते लिहून ठेवा आणि सांगा. आपल्या मनाने दुसरी घेऊ नका. वयस्कर माणूस, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पावडरच्या पाण्याने अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येऊ शकते. रात्री संडासला जाताना कुणीतरी सोबत असू द्या. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मेट्रोनिडॅझोलने तिचा परिणाम वाढतो.

लहानपणी पेनिसिलीनची रिॲक्शन आली होती. आता?

"आली होती" म्हणजे नेमकं काय झालं होतं, ते आठवून या. अंगावर पुरळ? श्वास कोंडला? चक्कर येऊन पडलात? की नुसती उलटी? आईला, थोरल्या बहिणीला विचारा. पुष्कळांच्या फाईलवर लाल शाईने ॲलर्जी लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात पोट बिघडलं होतं एवढंच असतं. सेफाझोलिनची रचना पेनिसिलीनहून इतकी वेगळी आहे, की ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं. श्वास कोंडण्यासारखं गंभीर काही झालं असेल तर भूलतज्ज्ञ जेंटामायसिन आणि मेट्रोनिडॅझोल अशी दुसरी जोडी निवडू शकतात.

हातावर टोचून करतात त्या टेस्ट डोसवर फार विसंबू नका. फोड उठला नाही म्हणजे सगळं सुरक्षित, असं नसतं. तुम्ही तोंडाने सांगितलेली हकीकत त्याहून मोलाची.

दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. छेद लहान, मग इंजेक्शन नको ना?

हवंच. छेद लहान असला तरी आतडं तेच आणि जंतूही तेच. जखम पिकण्याचं प्रमाण दुर्बिणीत कमी असतं, एवढं खरं.

आतडं फुटलं म्हणून रात्रीच ऑपरेशन झालं. त्यांना तर कितीतरी दिवस इंजेक्शनं चालू आहेत!

ती वेगळी गोष्ट. तिथे पोटात आधीच जंतू पसरलेले होते, त्यामुळे ते इंजेक्शन प्रतिबंध राहत नाही, उपचार होतो. तिथेही "जितके दिवस जास्त तितकं बरं" हे खरं नाही. अमेरिका-कॅनडात ५१८ रुग्णांवर झालेल्या २०१५ च्या चाचणीत, पोटातली घाण नीट साफ केल्यावर सुमारे चार दिवसांचं अँटिबायोटिक आठ दिवसांइतकंच पुरलं.

इंजेक्शन सोडून आणखी काय केल्याने फरक पडतो?

ओटीतल्या दोन गोष्टी सांगते. पहिली, अंगाची ऊब. गार ओटीत, भुलीखाली, उघड्या पोटाने माणूस फार लवकर गार पडतो. आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर १९९६ साली चाचणी झाली. गार पडलेल्यांपैकी १९ टक्के जणांची जखम पिकली, उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्के. गार अंगात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, प्राणवायू कमी पोचतो आणि पांढऱ्या पेशी ढेपाळतात. पॅसेजमधल्या त्या काकूंना मावशींनी टाकलेलं दुसरं ब्लँकेट हे माझ्या इंजेक्शनपेक्षा कामाचं होतं, असं मला आता वाटतं.

दुसरी, पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलणं. ज्या मोज्यांनी आतडं हाताळलं त्यांनीच त्वचेला टाके घालायचे नाहीत. ऐकायला किती साधं. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३,३०१ रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २०२२ साली निकाल आला : जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही.

शुगर आहे, आणि वडील तंबाखू खातात.

दोन्ही आधी सांगा. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस साखर साधारण १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. ऑपरेशनच्या ताणाने, डायबेटिस नसलेल्यांचीही साखर चढते. त्यामुळे "आम्हाला शुगर नाही, बोटाला का टोचता" असं म्हणू नका.

सिगारेट-विडी चार आठवडे आधी बंद झाली तर जखम भरण्यात फरक पडतो. आणि मिश्री! "तंबाखू घेता का?" विचारलं की आमच्या भोर-जुन्नरकडच्या आज्या ठाम "नाही" म्हणतात, आणि उशाखाली मिश्रीची डबी असते. ती तंबाखूच आहे, आजी. कुणी रागावणार नाही, पण सांगा.

पोटावरचे केस घरीच काढून येऊ का?

नको, अगदी नको. रेझरने डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस आड येत असतील तरच काढायचे, तेही रुग्णालयात क्लिपरने. एकदा एक दादा कोपऱ्यावरच्या सलूनमधून अख्खं पोट गुळगुळीत करून आले होते, वर तुरटीसुद्धा लावून.

अंघोळ?

हो. आदल्या रात्री किंवा सकाळी, साध्या साबणाने चालेल. बेंबी नीट स्वच्छ करा, तिथे काय काय साठलेलं असतं ते आम्ही बघतो. अंगाला तेल, पावडर, भस्म काही नको.

भात, दही, वांगं खाल्लं की जखमेत पू होतो ना? आणि हळद लावू का?

भाताने पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि पथ्याच्या नावाखाली डाळ, दही, अंडं बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेल्या माणसाची जखम भरत नाही. काय कधी सुरू करायचं हे आतड्याच्या जोडावर अवलंबून असतं, ते सर्जन सांगतील. हळद दुधातून घ्या हवी तर. टाक्यांवर नाही. हळदीने पिवळी झालेली जखम लाल झालीय की नाही हेच मला दिसत नाही.

इंजेक्शननंतर तोंडाला धातूसारखी चव आली, लघवी गडद झाली.

मेट्रोनिडॅझोलने होतं. एक-दोन दिवसांत जातं.

घरी गेल्यावर काय बघायचं?

जखम पिकायची असेल तर ती बहुधा डिस्चार्जनंतर, घरीच पिकते. साध्या जखमेसाठी आम्ही तीस दिवस मोजतो. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. कमी होता होता पुन्हा वाढलं, कडा लाल, गरम, टणक झाल्या, पिवळट किंवा वास येणारं पाणी आलं, ताप आला, तर फोन करा. शनिवार असला तरी. वरवरचा पू असेल तर पुष्कळदा दोन टाके काढून जागा मोकळी केली आणि ड्रेसिंग केलं की भागतं. गोळ्या लागतीलच असंही नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आतला जोड सुटणं. ते पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास जास्त घडतं आणि बाहेरची जखम तेव्हा छान दिसत असते. जुन्नरकडच्या एका आजोबांच्या सुनेने सहाव्या दिवशी फोन केला, "टाके चांगले आहेत, पण बाबा जेवत नाहीत आणि धाप लागल्यासारखं करतात." नाडी मोजायला सांगितली, एका मिनिटाला १२६. पोट फुगलेलं. ताप जेमतेम. "टाके चांगले आहेत" यावर ती थांबली असती तर सकाळपर्यंत वाट बघितली गेली असती. पोट फुगणं, नाडी पळणं, श्वास वाढणं, अचानक वाढलेली पोटदुखी, यातलं काही दिसलं तर फोटो पाठवत बसू नका. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे, निघा.

दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ संडास होत असतील तरी कळवा. बंद करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका.

सगळं नीट करूनही पू झाला. चूक कुणाची?

पुष्कळदा कुणाचीच नाही. वरचे १३ टक्के आठवा. पण विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि विचारायचं असेल तर "पू का झाला?" असं मोघम नको. अँटिबायोटिक किती वाजता दिलं, छेद किती वाजता घेतला, ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं असेल तर दुसरा डोस दिला का, एवढे तीन प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरं भुलीच्या कागदावर मिनिटांसकट लिहिलेली असायला हवीत. मी पण फाईल उघडल्यावर आधी तोच कागद काढते.

महिन्याभराने अनोळखी नंबरवरून "टाके कसे आहेत" म्हणून फोन येतो. उचलायचा का?

उचला, ती मी असते किंवा माझ्यासारखीच दुसरी कुणी. ओटीपी मागणार नाही. ताप, पाणी, पू, दुसरीकडे दाखवलं का, कुठली गोळी घेतली, एवढंच विचारते, तीन मिनिटं लागतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन टाके मोकळे करून घेतले असतील तर तेही सांगा. ते आमच्या वहीत आलं नाही तर आमचा आकडा खोटाच चांगला दिसतो. आणि दुपारी एक ते चार मी कुणालाही फोन करत नाही. सदाशिव पेठेत वाढले आहे.